घर आणि पेढी : टाइलखालचा खर्च

दुपारची जेवणे आटोपून घर नुकतेच निवांत झाले होते. सांगलीतील हळदीच्या व्यापारातले हे एकत्र कुटुंब. नवी वास्तू बांधून तीन वर्षे झालेली. एकाएकी दिवाणखान्यातून फटाका फुटावा तसा आवाज आला. गॅसचे सिलिंडर तर नव्हे, या भीतीने थोरल्या काकू धावत बाहेर आल्या, तो दालनाच्या मधोमध दोन टाइल्स एकमेकींना डोके टेकवून तंबूसारख्या उभ्या! वरून काही पडले नव्हते, कोणी काही आपटलेही नव्हते. संध्याकाळी मिस्त्री आला, त्याने त्यांतली एक टाइल हाताने सहज उचलली आणि उलटी करून दाखवली. तिची पाठ कोरी होती. कारखान्यातून निघाली तेव्हा जशी होती तशीच. खालचा सिमेंटचा थर जागच्या जागी, टाइलच्या पाठीचा ठसा तेवढा अंगावर घेऊन पडलेला. त्याने आसपासच्या टाइल्सवर नाणे वाजवून पाहिले, तर निम्मे दालन बद्द वाजत होते.

या कुटुंबाने टाइल निवडण्यासाठी तीन रविवार खर्च केले होते. कोल्हापूर झाले, पुणे झाले, घरातील सर्व स्त्रियांचे मत घेतले गेले. ती बसवायची कशाने, याची चर्चा मात्र अर्ध्या तासात संपली. पोत्याच्या तोंडावरचा माल न पाहता तळातली मूठ काढून पारखणारी ही माणसे. पण फरशीच्या बाबतीत त्यांनी तोंडावरचाच माल पाहिला. हा दोष त्या एका घराचा नव्हे. टाइलच्या दुकानातील दिवेच असे लावलेले असतात की खरेदीदाराची नजर पृष्ठभागावरून खाली उतरतच नाही.

ज्या टाइलला बाजारात ‘व्हिट्रिफाइड’ म्हणतात तीच पोर्सिलेनची टाइल. चिनी माती, फेल्डस्पार आणि क्वार्ट्झ यांची बारीक पूड प्रचंड दाबाखाली दाबून सुमारे १२०० अंश सेल्सिअसला भाजली की तिच्यातील घटक अर्धवट काचेसारखे वितळतात आणि कणांमधल्या जागा भरून काढतात. अशी टाइल पाणी जवळजवळ पीतच नाही. मानकाप्रमाणे तिने आपल्या वजनाच्या ०.५ टक्क्यापेक्षा अधिक पाणी शोषता कामा नये. साधी भिंतीची सिरॅमिक टाइल १० टक्क्यांहून अधिक शोषते. आज आपल्याकडे येणारा बहुतांश माल सौराष्ट्रातील मोरबीचा असतो. मच्छू नदीकाठचे हे गाव पूर्वी कौलांसाठी आणि भिंतीवरच्या घड्याळांसाठी ओळखले जाई. आता देशातील टाइल उद्योगाचे ते सर्वांत मोठे केंद्र आहे.

सगळी मेख या न शोषण्यात आहे. जुनी शहाबादी, कोटा किंवा मोझॅक फरशी सिमेंटचे पाणी थोडे पिऊन घेई; त्या पाण्यासोबत सिमेंट तिच्या छिद्रांत शिरे आणि तेथेच घट्ट होऊन मुळे धरावीत तशी पकड धरी. म्हणून आजोबांच्या काळातील मिस्त्री वाळू-सिमेंटचा माल पसरून त्यावर सिमेंटचा पातळ घोळ ओतत आणि फरशी हातोडीने ठोकून बसवत, ते अगदी योग्य होते. तीच रीत पोर्सिलेनवर वापरली की घोळ तिच्या पाठीला नुसता टेकतो. ज्या घनतेमुळे हळदीचा डाग वरून आत जात नाही, त्याच घनतेमुळे सिमेंटही खालून आत जात नाही. पहिली दोन-तीन वर्षे टाइल आपल्या वजनावर आणि शेजारणींच्या आधारावर पडून राहते, आणि घरच्यांना वाटते की ती चिकटलेली आहे.

मग एखाद्या कोरड्या, तापलेल्या दिवशी हिशेब पुरा होतो. नव्या इमारतीचा काँक्रीटचा स्लॅब वाळताना पहिली काही वर्षे आकसत राहतो. टाइल आकसत नाही. सहा मीटर लांबीची सलग फरशी २० अंशांनी तापली तर सुमारे पाऊण मिलिमीटर वाढते. हे पाऊण मिलिमीटर जायचे कोठे? टाइल्स एकमेकींना चिकटवून, सांधा न ठेवता बसवल्या असतील आणि चारी बाजूंना थेट भिंतीत रुतवल्या असतील, तर दाब साठत जातो आणि जेथे पकड सर्वांत कच्ची तेथे फरशी उसळते. सांगलीच्या त्या घरात नेमके हेच झाले होते. ‘सांधा दिसता कामा नये’ ही मागणी कुटुंबाचीच होती, हे मिस्त्रीने नम्रपणे पण स्पष्ट सांगितले.

म्हणून अंदाजपत्रकात टाइलच्या दरापुढेच चिकटद्रव्याचा दर लिहावा. बाजारात ज्याला टाइल ॲडहेसिव्ह म्हणतात ते सिमेंट, बारीक वाळू आणि पॉलिमर यांचे तयार मिश्रण असते. त्यातील पॉलिमरमुळे ते न शोषणाऱ्या पाठीलाही धरून राहते. पिशवीवर भारतीय मानक १५४७७ आणि त्याखाली ‘टाइप’चा आकडा छापलेला असतो. टाइप १ साध्या सिरॅमिकसाठी आहे. व्हिट्रिफाइडसाठी त्याच्या पुढचा प्रकार मागावा, आणि जुन्या फरशीवर किंवा बाहेरच्या भिंतीवर बसवायची असेल तर त्याहून वरचा. दुकानदाराने ‘सगळ्याला हेच चालते’ म्हटले तर पिशवी फिरवून स्वतः वाचावी. हा खर्च अनेक घरांत शेवटी कापला जातो, कारण तो डोळ्यांना दिसत नाही.

चिकटद्रव्य चांगले घेतले आणि लावण्याची रीत जुनीच ठेवली तर तेही वाया जाते. टाइलच्या चार कोपऱ्यांना आणि मध्यभागी एकेक गोळा ठेवून ती दाबायची, ही रीत सर्रास दिसते. अशा टाइलखाली पोकळ्या राहतात. वरून कपाटाचा पाय किंवा पितळेचा हंडा आदळला की त्या पोकळीवरच ती तडकते. खाचांच्या थापीने चिकटद्रव्य एकाच दिशेने सरळ रेघांत ओढावे, टाइलच्या पाठीवरही एक पातळ हात फिरवावा आणि मग ती किंचित सरकवत दाबावी, म्हणजे रेघा मोडून हवा बाहेर पडते. त्याआधी आणखी एक काम असते आणि ते बहुधा कोणीच करत नाही. भट्टीत टाइल रुळांना चिकटू नये म्हणून तिच्या पाठीला लावलेली पांढरी भुकटी बोटाला लागते. ती ओल्या फडक्याने पुसून काढली नाही, तर चिकटद्रव्य टाइलला न धरता त्या भुकटीला धरते.

हे सारे घरमालकाने उभे राहून पाहणे शक्य नसते. एक परीक्षा मात्र कोणीही घेऊ शकते, आणि ती पहिल्याच दिवशी घ्यावी. चार-पाच टाइल्स बसल्या की त्यांतली एक लगेच, ओली असतानाच, उचलायला सांगावी. सांगलीत दुसऱ्यांदा काम सुरू झाले तेव्हा काकू खुर्ची टाकून बसल्या आणि म्हणाल्या, “मिस्त्री, ही एक जरा उचलून दाखवा बरं.” मिस्त्रीच्या कपाळाला आठी पडली, पण त्याने उचलली. पाठीचा जवळपास तिसरा हिस्सा कोरा होता. पुढची टाइल त्याने पाठीला हात फिरवून लावली. अमेरिकी मानकात कोरड्या जागी किमान ८० टक्के आणि ओल्या जागी ९५ टक्के पाठ भरलेली असावी असे आहे. काकूंना ते आकडे ठाऊक नव्हते, पण कोरी पाठ त्यांनी एकदा पाहिलेली होती.

सांध्याविषयीची नावड सोडून द्यावी लागते. कडा यंत्राने घासून नेमक्या केलेल्या टाइलला दोन मिलिमीटरचा सांधा पुरतो. प्लॅस्टिकचे स्पेसर घालूनच तो सारखा येतो. भिंतीलगत पाच-सहा मिलिमीटरची मोकळी फट ठेवावी. ती स्कर्टिंगखाली झाकली जाते, म्हणून कोणाला दिसतही नाही. मात्र तिच्यात सिमेंट भरू देऊ नये. दालन आठ-दहा मीटरांहून लांब असेल, पेढीचे किंवा वखारीचे असते तसे, तर मध्येही एक लवचीक सांधा सोडावा. सांध्यात भरायला स्वयंपाकघरात आणि न्हाणीघरात इपॉक्सी ग्राउट घ्यावे. ते महाग असते, पण तेल, हळद, पाणी आत घेत नाही आणि भुसभुशीत होत नाही. सिमेंटचा सांधा वर्षा-दोन वर्षांत झिजतो, त्यात अन्नाचे कण साचतात आणि मग मुंग्यांची रांग लागते. मुंग्या मारायच्या नाहीत आणि ओटा तर रोज वापरायचा आहे, अशा घरातील गृहिणीला न झिजणाऱ्या सांध्याचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. इपॉक्सीचे एक पथ्य आहे: सांडलेले तिथल्या तिथे पुसावे लागते. दुसऱ्या दिवशी ते टाइलवरून निघता निघत नाही.

आता चकाकीकडे वळावे. पॉलिश केलेल्या टाइल्स मुख्यतः दोन जातींच्या मिळतात. ‘डबल चार्ज’ टाइलमध्ये रंगाचा थर तीन-चार मिलिमीटर जाडीचा, दाबतानाच घातलेला असतो. झीज झाली तरी रंग तोच राहतो. नक्षी मात्र मोजकीच मिळते. दुसऱ्या जातीत टाइलवर छापील नक्षी, तिच्यावर काचेचा पातळ लेप आणि त्या लेपावर पॉलिश असते. मकराण्याच्या किंवा इटलीच्या संगमरवराची हुबेहूब नक्कल हीच जात करते, आणि म्हणून घरांसाठी तिलाच मागणी आहे. पण तो लेप मिलिमीटरहूनही पातळ असतो. रस्त्यावरची वाळू म्हणजे क्वार्ट्झ, आणि चपलेखाली आलेला तिचा कण काचेला ओरखडतो. जेथे चपला बाहेर काढल्या जातात त्या घरात ही टाइल वर्षानुवर्षे टिकते. जेथे दिवसभर गिऱ्हाईक बूट घालून येते आणि हमाल पोती ओढतात त्या पेढीवर दोन पावसाळ्यांत तिची वाट मळकी दिसू लागते. पेढीला डबल चार्ज किंवा आरपार एकाच रंगाची टाइल घ्यावी, तीही शक्यतो पॉलिश न केलेली.

डबल चार्ज टाइल घासताना तिच्यातील बंद, अतिसूक्ष्म छिद्रे उघडी पडतात. त्यांना बुजवण्यासाठी कारखान्यात वरून लेप देतात. तो नीट दिला आहे की नाही हे दुकानात कळत नाही, घरी कळते. नमुन्याचा एक तुकडा मागून आणावा, त्यावर हळद कालवलेले तेल आणि शाईचा एक ठिपका रात्रभर ठेवावा आणि सकाळी साबणाने पुसावा. पिवळी छटा राहिली तर ती टाइल जेवणघरात नको. त्याच तुकड्यावर ओला, साबण लागलेला अनवाणी पाय ठेवून पाहावा. ही परीक्षा हळदीच्या परीक्षेहून महत्त्वाची आहे.

कारण पॉलिश केलेली टाइल कोरडी असताना निरुपद्रवी असते आणि ओली झाली की वैरीण होते. पाय आणि टाइल यांच्यामध्ये पाण्याचा पातळ पडदा बसतो आणि त्याला अडवायला पृष्ठभागावर खरबरीतपणाच उरलेला नसतो. घरात पाणी कोठे कोठे सांडते याची यादी वास्तुतज्ज्ञापेक्षा घरातल्या सुनेला अधिक ठाऊक असते: पिण्याचे पाणी गाळण्याची जागा, हात धुण्याचे बेसिन, तुळशीजवळचे किंवा गॅलरीचे दार, न्हाणीघराबाहेरचे दोन पावलांचे अंतर. ज्या घरांत मुनींच्या आहारासाठी चौका लावला जातो तेथे तर जमीन धुऊन ओलीच असते आणि वडीलधारी माणसे धुतलेल्या वस्त्रांत, अनवाणी, लगबगीने वावरत असतात. सत्तरी ओलांडलेल्या माणसाचे मांडीचे हाड मोडले की त्या घराचे वर्ष बदलून जाते. या सर्व जागी मॅट टाइल घ्यावी. तिच्या माहितीपत्रात घसरणरोधकतेचा ‘आर’ अंक दिलेला असतो, तो ओल्या जागेसाठी १० किंवा ११ असावा. त्याच नक्षीची मॅट आणि पॉलिश अशी जोडी अनेक कारखाने देतात, म्हणून घर विजोड दिसण्याची भीती बाळगण्याचे कारण नाही.

चकाकीची हौस पुरवायला भिंती आहेत. भिंतीवर कोणी चालत नाही, ओरखडे पडत नाहीत, आणि ओट्यामागच्या भिंतीवरून फोडणीचे शिंतोडे एका हाताने पुसता येतात. अडचण वजनाची आहे. दोन फूट बाय चार फुटांची, नऊ मिलिमीटर जाडीची एक टाइल सुमारे १५ किलो भरते. भिंतीवर जुना डिस्टेंपर किंवा ऑइलपेंट असेल तर ही टाइल त्या रंगाला लटकते आणि रंगासकट खाली येते. म्हणून रंग खरवडून गिलावा उघडा करावा. पीओपीवर तर ती लावूच नये. न्हाणीघरात जलरोधक लेप आधी, त्याची पाणी साठवून परीक्षा नंतर, आणि टाइल सर्वांत शेवटी. एवढे सांभाळले तर पुढचे काम ओळंबा आणि गुण्या पाहणाऱ्या कोणत्याही चांगल्या मिस्त्रीच्या हातचे आहे.

खरेदीचा हिशेब व्यापारी घरांना शिकवावा असा नाही, तरी एक-दोन गोष्टी. दोन फूट बाय चार फुटांच्या दोन टाइल्सची पेटी सुमारे साडेपंधरा चौरस फूट भरते. दहा बाय बाराच्या खोलीला १२० चौरस फूट, कापण्या-तुटण्याचे १० टक्के धरून १३२, म्हणजे नऊ पेट्या. दहावी पेटी घ्यावी आणि न फोडता ठेवून द्यावी. प्रत्येक भट्टीच्या मालाची छटा आणि माप किंचित वेगळे असते. पेटीवर लॉट, शेड आणि कॅलिबर यांचे आकडे छापलेले असतात, आणि उतरवून घेताना प्रत्येक पेटीवर ते एकच आहेत हे पाहावे लागते. टेम्पो निघून गेल्यावर हा वाद मिटत नाही. दोन टाइल्स तोंडाला तोंड लावून धराव्यात. मधोमध फट दिसली तर त्या धनुष्यासारख्या वाकलेल्या आहेत. लांब टाइलमध्ये थोडा बाक असतोच, म्हणून विटांसारखी अर्ध्यावर जोड देणारी मांडणी टाळून तिसऱ्या हिश्शावर जोड द्यावी, नाहीतर एका टाइलचा फुगीर मध्य शेजारणीच्या खाली गेलेल्या टोकाशेजारी येतो आणि संध्याकाळच्या तिरप्या उन्हात प्रत्येक कड डोळ्यांत भरते.

मजुरीविषयीही बोलले पाहिजे. चौरस फुटावर दर ठरवला की घाई ठरवल्यासारखे होते. पाठ पुसणे, पाठीला हात फिरवणे, स्पेसर घालणे यांत मिस्त्रीचा वेळ जातो आणि दरात मात्र तो धरलेला नसतो. दर थोडा वाढवून या गोष्टी आधीच लिहून घ्याव्यात. आणि टाइल कापण्याचे यंत्र पाण्याचे असावे, असा आग्रह घरमालकानेच धरावा. पोर्सिलेन कोरडे कापताना उडणाऱ्या पांढऱ्या धुळीत सिलिका असते. ती फुप्फुसात बसली की परत निघत नाही, आणि तिच्यामुळे होणाऱ्या सिलिकोसिसवर उपाय नाही. कापणारा बहुधा विशीतला मुलगा असतो. तो तोंडाला रुमाल बांधून गच्चीवर बसलेला असतो आणि त्या रुमालाने ही धूळ अडत नाही. पाण्याचे यंत्र आणि योग्य मुखपट्टी यांचा खर्च दोन पेट्यांच्या किमतीहून फारसा जास्त होत नाही.

सांगलीच्या घरात जुनी फरशी काढून नवी बसवायला सव्वा महिना लागला. बद्द न वाजणाऱ्या टाइल्स तशाच ठेवण्याचा विचार होता, पण जुन्या लॉटची एकही पेटी कोठे शिल्लक नव्हती. दुकानदाराने तीन वर्षांपूर्वीची ती नक्षीच बंद झाल्याचे सांगितले. शेवटी सुट्या निघालेल्या टाइल्समधून धड असलेल्या वेचून काकूंच्या खोलीला पुरवल्या, आणि दिवाणखान्यात नवी आली. पाणी गाळण्याच्या जागेसमोर आणि न्हाणीघराबाहेर मॅटचा पट्टा घातला. धाकट्या सुनेला तो आरंभी आवडला नव्हता. या वेळी दोन पेट्या जिन्याखाली गेल्या आहेत, आणि त्यांच्यावरचा लॉट क्रमांक थोरल्या काकांनी पेढीच्या खतावणीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवला आहे.